६० की ७० लिटरची सॅक? दोन्ही नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरअखेर पुण्याहून निघून तुम्ही दोघं नवरा-बायको चार महिने व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया आणि थायलंड फिरणार, मार्चअखेर परत. हॉस्टेल, होमस्टे आणि रात्रीच्या बस असा बेत. सॅक ६० लिटरची घ्यावी की ७०ची, आणि सोबत पाठवलेल्या यादीत काय राहिलंय?

राहिलंय फार थोडं. जास्तीचं मात्र निम्म्याहून अधिक आहे. माणशी बारा टी-शर्ट, दोन-दोन जीन्स, स्लीपिंग बॅग, तंबू, छोटा इलेक्ट्रिक कुकर, आणि शेवटी 'असू दे' या नावाखाली एक अख्खं पान. माझं उत्तर: माणशी ४० लिटरची सॅक, भरून छोट्या बॅगेसकट ७ किलोच्या आत, आणि त्यात सामान एका आठवड्याचं. चार महिने म्हणजे तोच आठवडा पुन्हा पुन्हा धुऊन वापरायचा.

लिटरचा आकडा आधी ठरवा म्हणतो, कारण यादी कितीही काटेकोर केली तरी सॅक रिकामी राहत नाही. ७० लिटरची घेतली की निघायच्या आदल्या रात्री घरचे कोणीतरी येऊन उरलेल्या जागेत काहीतरी कोंबतातच. ४० लिटरची असली की नाही म्हणायला कारण मिळतं.

दुसरं कारण विमानाचं. त्या भागातल्या स्वस्त विमानांत, म्हणजे एअरएशिया, व्हिएतजेट वगैरे, साध्या तिकिटात केबिन सामान ७ किलो असतं, आणि त्यात खांद्यावरची छोटी बॅगही धरतात. मुंबई-हनोई तिकिटात २० किलो चेक-इन मिळेलही, पण सामान ठरवायचं ते सगळ्यात कंजूष तिकिटावरून. पुढे एखादं सिएम रीप-बँकॉक किंवा चियांग माई-क्राबी असं उड्डाण येणारच, आणि काउंटरवर ऐन वेळी सामान वाढवलं तर कधी कधी तिकिटाच्या निम्मे पैसे जातात. मुंबईच्या टर्मिनल २ वर काउंटरसमोर फरशीवर बॅगा उघडून बसलेली, एकावर एक तीन शर्ट चढवणारी मंडळी तुम्ही पाहिली असतील. सातशे-आठशे रुपयांचा डिजिटल हातकाटा घरी असला की ती वेळ येत नाही. काटा सोबत न्यायचा नाही, घरीच ठेवायचा.

तिसरं कारण म्हणजे तुमचा रस्ता. थायलंडच्या हद्दीवरच्या, लाओसमधल्या हुए साय गावाहून लुआंग प्रबांगला जाणारी मेकाँगवरची संथ होडी तुमच्या बेतात आहे. दोन दिवसांचा प्रवास, मधली रात्र पाकबेंगला. तिथे होडी काठाला लागते ती एका अरुंद फळीच्या भरवशावर. सगळ्यांच्या सॅका एका ढिगात पडलेल्या असतात, आपली शोधून काढायची, फळीवरून उतरायचं आणि मग सरळ उभी चढण चढून गावात जायचं. क्राबीकडे रायलेला जायचं तर लांब शेपटीच्या होडीतून गुडघाभर पाण्यात उतरून किनाऱ्यावर चालत जावं लागतं. ट्रॉली बॅगचा तर तिथे विचारही नको, पण १५ किलोची सॅक घेऊनही माणूस रडकुंडीला येतो.

आता सॅक कशी हवी. तुमच्याकडे सह्याद्रीतल्या ट्रेकची जुनी ६० लिटरची आहे म्हणता, ती वरून उघडणारी असणार. रतनगडावर ती ठीक असते, कारण तिथे दिवसातून एकदाच उघडायची असते. इथे दर दोन-तीन दिवसांनी मुक्काम बदलणार, आठ जणांच्या डॉर्ममध्ये अंधारात मोजा शोधायचा असणार. त्यामुळे सूटकेससारखी समोरून पूर्ण उघडणारी घ्या. डेकॅथलॉनमध्ये या जातीच्या ४० लिटरच्या मिळतात आणि त्या पुरेशा मजबूत असतात. बघायचं ते एवढंच: कमरेचा पट्टा जाड आणि खरोखर वजन पेलणारा आहे का, चेनच्या दोन्ही टोकांत कुलूप बसतं का, आणि रिकाम्या सॅकचं वजन दीड किलोच्या आत आहे का. दुकानात रिकामी पाठीला लावून काही कळत नाही. तिथल्याच सामानाने सात-आठ किलो भरा, पट्टे आवळा आणि दहा मिनिटं दुकानात हिंडा. लाजायचं कारण नाही, तिथल्या लोकांना सवय असते.

रेनकव्हरबद्दल एक. पावसाळी ट्रेक केलेल्याला सांगायला नको, की पाठीकडून ओघळणारं पाणी रेनकव्हर अडवत नाही. आतून एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी लावा, सगळं सामान तिच्यात. रेनकव्हरही घ्या, पण ते मुख्यतः बसच्या पोटातल्या चिखल-ग्रीसपासून सॅक वाचवायला.

कपड्यांची खरी अडचण उष्ण देशांची नाही. 'आग्नेय आशिया म्हणजे उकाडा' असं धरून तुम्ही यादीत एकही गरम कपडा घेतलेला नाही, आणि सुरुवात करताय डिसेंबरातल्या उत्तर व्हिएतनामपासून. त्या दिवसांत हनोईत पंधरा-वीस अंश आणि वर ढगाळ, दमट हवा असते. 'हा जांग' आणि 'सापा' या तिथल्या डोंगराळ भागांत पारा पाच-दहा अंशांवर येतो, घरांना हीटर नसतात, आणि मोटरसायकलवर बसलं की वारा हाडात शिरतो. त्याच आठवड्यात दक्षिणेला सायगावात (हो ची मिन्ह सिटीत) तीस-बत्तीस अंश असतं. एका जाड जॅकेटने हे दोन्ही जमत नाही, थर लागतात: अंगाला चिकटणारं पूर्ण बाह्यांचं थर्मल, वर पातळ फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. तिन्ही मिळून किलोच्या आत बसतात आणि हवे तसे चढवता-उतरवता येतात. तरी थंडी वाजलीच तर हनोईच्या जुन्या बाजारपेठेत जॅकेटांचे ढीग असतात, ब्रँडची नावं खरी नसतात पण ऊब खरी असते. दक्षिणेकडे निघताना ते कुणाला तरी देऊन टाकायचं.

बाकी माणशी असं: टी-शर्ट किंवा शर्ट चार, त्यांतला एक पूर्ण बाह्यांचा, लांब पँट दोन, शॉर्ट एक, आतले कपडे पाच-सहा जोड, मोजे तीन जोड, झोपायचा एक सेट, पोहण्याचा एक. अंगावरचे यातच मोजले आहेत. जीन्स दोन्ही घरी. एक जीन्स सहाशे-सातशे ग्रॅम भरते आणि हनोईच्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. शंभर टक्के सुती टी-शर्टांचंही तसंच, निदान निम्मे लवकर वाळणाऱ्या कापडाचे असू द्या. आतले कपडे मात्र तुमच्या मापाचे आणि सवयीचे इथूनच न्या. तिकडची मापं लहान असतात, बायकांना तर हे जास्तच जाणवतं.

देवळांसाठी वेगळं काही नको, पण खांदे आणि गुडघे झाकले पाहिजेत. बँकॉकचा ग्रँड पॅलेस आणि अंगकोर वाटचा सगळ्यात वरचा मजला या दोन ठिकाणी बिनबाह्यांचे कपडे किंवा शॉर्ट घातलेल्यांना परत पाठवतात. अंगावर ओढणी टाकून भागेल असं समजू नका, बाह्यांचाच शर्ट घाला.

टॉवेलच्या जागी यादीत 'सोलापुरी टॉवेल २' लिहिलंय. तो टॉवेल घरी कितीही छान असला तरी ओला झाला की किलोभराचा होतो. त्याऐवजी माणशी दोन पंचे घ्या, साधे, पातळ, सुती. दुकानांत मिळणारा मायक्रोफायबरचा ट्रॅव्हल टॉवेल वाळतो लवकर, पण अंग पुसतो कमी आणि सरकवतो जास्त, शिवाय आठवड्यात वास मारायला लागतो. पंचा अर्ध्या तासात वाळतो, उन्हात डोक्याला बांधता येतो, बसमध्ये गळ्याभोवती येतो, समुद्रावर कमरेला गुंडाळून कपडे बदलता येतात, आणि फाटलाच तर बूट पुसायला होतो. हात दीड हात कापड, पण सॅकमध्ये याच्याइतकं कामाला येणारं दुसरं काही नाही.

स्लीपिंग बॅगही तशीच रद्द. हॉस्टेलात चादर-पांघरूण असतं, डोंगरातल्या होमस्टेत जाडजूड रजया देतात. प्रश्न स्वच्छतेचा असेल तर आईची जुनी मऊ सुती साडी दुमडून एक बाजू आणि तळ शिवून घ्या, उत्तम खोळ होते. त्यात शिरायचं आणि वरून त्यांची रजई घ्यायची. तंबू कशासाठी घेतलात मला कळलं नाही. तुमच्या रस्त्यावर तो उभा करायची वेळ येणार नाही.

कपडे धुवायची काळजी नको. या चारही देशांत किलोवर कपडे धुऊन देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत, सकाळी दिलं की संध्याकाळी घडी घालून मिळतं. मधल्या दिवसांसाठी धुण्याच्या साबणाची अर्धी वडी, तीन-चार मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर सेफ्टी पिना. फक्त जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी येणारा चांद्र नववर्षाचा सण, व्हिएतनाममधला 'तेत', तुम्ही तिथे असताना आला तर चार-पाच दिवस दुकानं, लाँड्री, बस सगळंच विस्कळीत होतं. तारीख बघून ठेवा.

पायांत चालायचे हलके बूट आणि सॅकमध्ये फ्लोटर्स, बस. उंच घोट्याचे ट्रेकिंग बूट नकोत. हॉस्टेल, देऊळ, होमस्टे, कधी कधी दुकानसुद्धा, सगळीकडे पादत्राणं काढायची असतात, त्यामुळे नाडी न सोडता निघणारं हवं. व्हिएतनामच्या स्लीपर बसमध्ये तर पायरीवरच बूट काढून ड्रायव्हरच्या मदतनिसाने दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि ती पिशवी घेऊन आपल्या बर्थवर चढायचं. बर्थ बेताचाच लांब असतो, एसी मात्र भरपूर. त्या रात्रीसाठी मोजे, फ्लीस आणि पंचा छोट्या बॅगेत वर काढून ठेवा, मोठी सॅक बसच्या पोटात गेली की सकाळपर्यंत दिसत नाही. तुमच्या पायाचा नंबर १० असेल, तर बूट इथूनच धड घेऊन जा. तिकडे मोठी मापं शोधत हिंडावं लागतं.

आता ज्या गोष्टी तिकडे विकत मिळत नाहीत त्यांच्याकडे. टी-शर्ट, शाम्पू, छत्री, चपला, सॅनिटरी पॅड हे सगळं तिकडे मिळतं आणि बहुतेक वेळा इथल्याइतकंच स्वस्त मिळतं. मिळत नाही ते म्हणजे कागदपत्रं, बँकेचा ओटीपी, तुमची रोजची औषधं आणि तुमच्या नंबरचा चष्मा. तुमच्या यादीत या चारींना मिळून दोन ओळी आहेत.

ओटीपीचं आधी. भारतीय प्रवासी अडकतो तो बहुतेक इथेच. तिकडचं सिम घेतलं, इकडचं काढून पाकिटात ठेवलं, आणि मग विमानाचं तिकीट काढताना बँकेचा संदेश येतच नाही. तुमचा बँकेशी जोडलेला नंबर फोनमध्ये चालू राहिला पाहिजे. फोन ई-सिमचा असेल तर भारतातला नंबर इथे असतानाच ई-सिमवर घ्या आणि प्रत्यक्ष सिमची जागा तिकडच्यासाठी मोकळी ठेवा, किंवा उलट. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, डेटा रोमिंग बंद ठेवा, आणि चार महिने पुरेल असं रिचार्ज मारून जा. संदेश येण्यासाठी सिम जिवंत असलं की पुरतं. बँकेत ईमेलवर ओटीपी मिळण्याची सोय असेल तर तीही करून घ्या.

कार्डांचंही तसंच. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानंतर नवीन कार्डांवर परदेशातले व्यवहार आपोआप चालू नसतात, ॲपमध्ये जाऊन आपणच सुरू करायचे असतात. हे विमानतळावर आठवून उपयोग नाही. दोघांनी दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं घ्या, एक तुमच्याकडे, एक जोडीदाराकडे, आणि तिसरं मोठ्या सॅकच्या तळाशी. नवरा-बायको सगळी कार्डं एकाच पाकिटात ठेवतात आणि ते पाकीट एकाच खिशात असतं, हा फार जुना आजार आहे. थायलंडमधलं एटीएम दर वेळी दोनशे-अडीचशे बाट वरचे घेतं, म्हणून थोडे थोडे पैसे काढत बसू नका.

रोख डॉलरही हवेत, शंभराच्या नोटांबरोबर वीस, दहा आणि पाचच्याही. कंबोडियात डॉलर सर्रास चालतो, पण नोट किंचित फाटलेली, शाईचा डाग पडलेली किंवा शिक्का मारलेली असेल तर दुकानदार सरळ परत करतो. इथे डॉलर घेताना काउंटरवरच एकेक नोट उजेडात धरून बघा आणि नको ती बदलून मागा. मग त्या न दुमडता, पासपोर्टच्या आकाराच्या कडक पाकिटात ठेवा. नियमानुसार एका प्रवासासाठी माणशी ३,००० डॉलरपर्यंत रोख नेता येते, तुम्हाला पाच-सहाशे पुष्कळ झाले.

पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे सहा महिने तरी वैध हवा आणि कोरी पानं हवीत, लाओस-कंबोडियाचे व्हिसे प्रत्येकी पूर्ण पान खातात. पांढऱ्या पार्श्वभूमीचे दहा-बारा फोटो इथूनच काढून न्या, सीमेवर शोधत बसायला नको. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. लाओसला जाऊन पुन्हा व्हिएतनाममध्ये येणार असाल तर दुसराच घ्या, आणि अर्जात कोणत्या नाक्यावरून शिरणार ते नीट भरा. त्याच्या छापील प्रती ठेवा, डोंगरातल्या नाक्यावर फोनमधलं चित्र दाखवून भागेलच असं नाही. थायलंडमध्ये शिरण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमनपत्र भरावं लागतं, मे २०२५ पासूनचा नियम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. भारतीयांसाठीचे थायलंडचे व्हिसा नियम वरचेवर बदलतात, तिकिटाआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. आणि मुंबईच्या चेक-इन काउंटरवर 'व्हिएतनाममधून बाहेर कधी पडणार' याचं तिकीट मागू शकतात, ते हाताशी असू द्या.

औषधांच्या पिशवीवर मी इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ घालवतो. रोजच्या गोळ्या असतील तर चार महिन्यांच्या आणि वर पंधरा दिवसांच्या, मूळ पट्ट्यांतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव. आपले ब्रँड तिकडच्या औषधवाल्याला कळत नाहीत. निम्मा साठा एकाच्या आणि निम्मा दुसऱ्याच्या बॅगेत. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नेऊ नका, थायलंडमध्ये ते अंमली पदार्थांत मोडतं आणि आधी परवानगी लागते. झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या चालू असतील तर तिथे चिठ्ठीसह ३० दिवसांपुरत्याच नेता येतात, ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा.

बाकी पिशवीत पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, सेट्रिझिन, उलटीची आणि जुलाबाची गोळी, जखमेवरचं मलम, बँडेज, आणि जांघेत-काखेत होणाऱ्या नायट्यासाठी मलम. शेवटचं कुणी यादीत लिहीत नाही आणि दमट हवेत पंधरा दिवसांत सगळ्यांनाच लागतं. अंगदुखीला कॉम्बिफ्लॅम घ्यायची सवय असेल तर ती मात्र इथेच ठेवा. त्यात आयब्युप्रोफेन असतं. या चारही देशांत डेंग्यू आहे, आणि डेंग्यूच्या तापात आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप कसला ते कळेपर्यंत पॅरासिटामॉल आणि पाणी एवढंच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून डास पळवणारं, अंगाला लावायचं मलम सकाळीही लावायचं.

लसींना वजन नसतं. निघण्याच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटून हिपॅटायटिस ए, टायफॉइड आणि रेबीजची आधीच घ्यायची लस यांबद्दल विचारा. रेबीजवर लोक हसतात. पण लाओसच्या खेड्यात कुत्रं किंवा देवळातलं माकड चावलं, तर लागणारं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन (इम्युनोग्लोब्युलिन) जवळपास मिळत नाही, मोठ्या शहरात किंवा थायलंडमध्ये पळावं लागतं. आधी लस घेतलेली असेल तर त्याची गरज पडत नाही, पुढचे डोस मात्र घ्यावेच लागतात. आणि चावल्यावर पहिलं काम म्हणजे साबण-पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुणं.

चष्मा: एक जास्तीचा, आणि नंबरच्या कागदाचा फोटो.

विजेच्या वस्तूंत लॅपटॉप खरंच लागणार आहे का, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी नेत नाही. तिकडे वीज आपल्यासारखीच २२०-२३० व्होल्टची, म्हणून कन्व्हर्टर नको. फोनच्या चार्जरची दोन गोल पिनांची प्लग बहुतेक ठिकाणी तशीच बसते. बसत नाही ती लॅपटॉपची आपली तीन जाड पिनांची. त्यासाठी भलामोठा सर्वदेशीय ॲडाप्टर नको, दोन पिनांची दुसरी केबल घ्या. दोघांत मिळून तीन-चार पोर्टचा एकच चार्जर.

पॉवर बँक केबिन सामानातच, चेक-इनमध्ये कधीच नाही. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे, म्हणजे २०,००० एमएएचची (साधारण ७४ वॉट-अवर) बिनघोर चालते. पण तिच्यावरचा आकडा वाचता आला पाहिजे, खिशात घासून पुसला गेलेला असेल तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधी जळालं, आणि त्यानंतर आशियातल्या बऱ्याच कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायला किंवा वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी घातली. पायाशी किंवा समोरच्या खिशात ठेवा. ई-सिगारेट कुणी 'मित्रासाठी' दिली तर घेऊ नका, थायलंडमध्ये ती नुसती बाळगणंही महागात पडतं.

किरकोळ पण हवंच: डॉर्मच्या लॉकरसाठी बारीक कडीचं नंबरचं कुलूप, कानातले बोळे, डोक्याला लावायची छोटी बॅटरी, आणि तीन-चार एन-९५ मास्क. मास्क कोविडसाठी नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तर थायलंड आणि लाओसमध्ये शेतं आणि जंगलं जाळतात, चियांग माईवर आठवडेच्या आठवडे धूर बसतो. जमलं तर मार्च दक्षिणेच्या बेटांवर काढा. टॉयलेट पेपरचे रोल काढून टाका. आपल्यासारखा जेट स्प्रे तिकडे जवळपास सगळीकडे असतो, या बाबतीत युरोपापेक्षा आपण सुखी.

आता कुकर. तुम्ही एक जण शाकाहारी आहात म्हणून तो घेतलाय, हे समजतं. पण दोन किलोचा कुकर, वर डाळ-तांदूळ आणि मसाले, आणि ज्या हॉस्टेलात तो लावाल तिथे खोलीत शिजवायला मनाई. व्हिएतनाममध्ये 'चाय' लिहिलेली बौद्ध शाकाहारी खानावळ जवळपास प्रत्येक गावात असते, आणि थायलंडमध्ये 'जे' म्हटलं की फिश सॉसही न घातलेलं मिळतं. शब्द कागदावर त्यांच्या लिपीत लिहून घ्या, कारण उच्चार जरा चुकला की समोरचा नुसता हसतो. शिजलेला भात मात्र चारही देशांत कुठेही, कधीही मिळतो. म्हणून घरून न्यायचं ते भाताच्या सोबतीचं: पाव किलो मेतकूट, पाव किलो दाण्याची कोरडी चटणी, थोडी लसणाची. दुहेरी प्लास्टिकमध्ये, वर कापडी पिशवी. लोणचं नको, केबिन सामानात ते द्रवात धरतात आणि फुटलं तर चार महिने सगळ्या कपड्यांना वास. जाता-येता सिंगापूरला थांबणार असाल तर मसाल्यांत खसखस नाही ना ते बघा, तिथे तिला बंदी आहे.

सगळं भरून झालं की जड वस्तू पाठीला लागून, मध्यावर, हलकं खाली आणि बाहेर. कपडे गुंडाळायचे की घडी घालायचे यावर लोक तावातावाने भांडतात, माझ्या मते फरक पडत नाही, दोन-तीन कापडी पिशव्यांत वेगवेगळे असले म्हणजे झालं. मग ती सॅक पाठीला, छोटी बॅग पोटाला, आणि निघण्याच्या दोन आठवडे आधी एकदा पर्वती चढून उतरा. १०३ पायऱ्या आहेत. वर पोचल्यावर जे काढून टाकावंसं वाटेल ते घरी आल्यावर खरोखर काढून टाका.

एक कागद तुम्ही अभिमानाने यादीत पहिला लिहिलाय: आरटीओचं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. थायलंड, लाओस, कंबोडियासाठी ते घ्याच, फक्त त्यावर मोटरसायकलचा प्रकार नोंदलेला आहे ना बघा. व्हिएतनाममध्ये मात्र ते चालत नाही. भारत देतो ते परमिट १९४९च्या जिनिव्हा करारातलं, आणि व्हिएतनाम मानतो तो १९६८चा व्हिएन्ना करार. गाडी भाड्याने देणारा काही विचारणार नाही, पण हा जांगच्या रस्त्यावर पोलीस विचारतात, आणि अपघात झाला तर 'वैध परवाना नव्हता' म्हणून विमा कंपनी हात वर करते. हा जांगला बहुतेक लोक स्थानिक चालकाच्या मागे बसून साडेतीनशे किलोमीटरची ती फेरी करतात, 'इझी रायडर' म्हणतात त्याला. तुम्हीही तसंच करा, मा पी लेंगच्या घाटात दरीकडे बघायला मोकळे राहाल. मागे बसणाऱ्याचे हात दिवसभर वाऱ्यात नुसते धरून असतात आणि चालवणाऱ्यापेक्षा लवकर बधिर होतात, तेव्हा यादीतून जीन्स काढल्यावर त्या जागी लोकरीचे हातमोजे दोन जोड लिहा.